चट्टा आपोआप गेला, म्हणजे सुटलो?

‘काही असतं तर त्रास झाला असता ना!’ तपासणी टाळणाऱ्याचं हे ठरलेलं वाक्य. गुप्तरोगांच्या बाबतीत मात्र ते साफ चुकीचं आहे.

सिफिलिसचंच बघा. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक चट्टा उठतो. तो सहसा दुखत नाही, आणि औषध न घेताही ३ ते ६ आठवड्यांत भरून येतो. माणूस सुटकेचा श्वास टाकतो. जंतू मात्र शरीरातच असतात, पुढे कित्येक वर्षं गप्प राहू शकतात आणि मग मेंदू किंवा हृदयापर्यंत पोचू शकतात. सुरुवातीलाच कळलं, तर बहुतेकदा पेनिसिलिनच्या एका डोसवर काम भागतं. क्लॅमिडिया या दुसऱ्या गुप्तरोगात तर बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही.

उलट टोकाची घाईही नको. काल संबंध आला आणि आज एचआयव्हीची टेस्ट निगेटिव्ह, याला अर्थ नाही. साध्या रॅपिड टेस्टवर पक्का भरवसा तीन महिन्यांनी. धोका मोठा वाटत असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा, प्रतिबंधक गोळ्या तेवढ्यातच सुरू कराव्या लागतात.

राहिली ‘गावभर होईल’ची भीती. (खरी अडचण बहुधा हीच!) सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी) केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतो, आणि २०१७च्या कायद्याने तुमची संमती व गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत. तिथवर जायचाही धीर होत नसेल, तर १०९७ हा एचआयव्हीविषयी माहिती देणारा टोल-फ्री नंबर आहे.