पार्श्वभूमी : मायनिंग रिग आणि १२ व्होल्टचं ओझं

मायनिंग रिग म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी मिळवण्यासाठी चोवीस तास हिशोब करणारं यंत्र. ती बांधायची ठरली की आधी ग्राफिक्स कार्डांची यादी होते, मग मदरबोर्डची, आणि पॉवर सप्लाय शेवटी, उरल्या पैशांत. रिग बंद पडते ती मात्र बहुतेक वेळा याच टोकाकडून. चिप बदलल्या, नाणी बदलली, सांगाडे बदलले. पण या यंत्रांची बांधणी सुरुवातीपासून एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे. १२ व्होल्टवर एवढा करंट आणायचा कुठून, आणि न्यायचा कुठल्या कनेक्टरमधून?

३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनचा पहिला ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा) तयार झाला तेव्हा हा प्रश्न नव्हता. साध्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर पुरेसा होता. काम तेव्हाही आजचंच होतं. ब्लॉकच्या ८० बाइटांच्या हेडरवर (मथळ्यावर) एसएचए-२५६ हे माहितीपासून ठरावीक लांबीचा आकडा, म्हणजे हॅश, काढणारं सूत्र दोनदा चालवायचं, उत्तर ठरलेल्या मर्यादेखाली आलं नाही तर नॉन्स, म्हणजे हेडरमधला मोकळा आकडा, बदलून पुन्हा चालवायचं. यात अक्कल लागत नाही, हात लागतात, आणि हात ग्राफिक्स कार्डाकडे शेकड्याने असतात. ग्राफिक्स कार्डांची शर्यत शक्य तितकी पुढे ढकलावी, असं बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतोने डिसेंबर २००९ मध्येच सुचवलं होतं. २०१० च्या मध्यापर्यंत ती सुरूही झाली.

त्या शर्यतीत एएमडीची कार्डं पुढे राहिली त्याला कारण होतं. एसएचए-२५६ मध्ये ३२ बिटांचा आकडा सतत गोल फिरवावा लागतो. एएमडीची चिप ते एका सूचनेत करायची. एनव्हीडियाच्या त्या काळच्या चिपला त्यासाठी तीन सूचना लागायच्या. रेडिऑन एचडी ५८७० वर साधारण ४०० मेगाहॅश, म्हणजे सेकंदाला ४० कोटी हॅश, मिळायचे आणि कार्डाची कमाल खपत होती १८८ वॅट. अशी चार कार्डं एका मदरबोर्डवर चढवली की ७५० वॅट नुसत्या कार्डांचे, तेही चोवीस तास. डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, कुणी या हिशोबाने बनवलाच नव्हता.

ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १९९५ मध्ये डेस्कटॉपच्या बांधणीचं एटीएक्स मानक आलं तेव्हा कॉम्प्युटरची बहुतेक भूक ५ आणि ३.३ व्होल्टवर होती. १२ व्होल्ट मुख्यतः पंखे आणि डिस्कच्या मोटरसाठी. २००० मध्ये प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर आला, २००३ मध्ये मुख्य कनेक्टर २० चा २४ पिनांचा झाला, आणि भार हळूहळू १२ व्होल्टकडे सरकला. पण स्वस्त एसएमपीएसमध्ये ५ आणि १२ व्होल्ट एकाच वळणावळणाच्या कॉइलवरून आणि एकाच नियंत्रणाखाली निघत राहिले. मायनिंगमध्ये १२ व्होल्टवर ६० अँपिअर आणि ५ व्होल्टवर जेमतेम दोन. असा एकतर्फी भार पडला की अशा सप्लायमध्ये १२ ची लाइन ११.४ च्या खाली जाते आणि ५ ची वर चढते. कार्ड हॅश चुकवायला लागतं, माणूस ओव्हरक्लॉकिंगला दोष देतो, आणि खरा गुन्हेगार खाली डब्यात बसलेला असतो. १२ व्होल्ट मुख्य ठेवून त्यातूनच पुढे ५ आणि ३.३ काढणारे सप्लाय सर्रास मिळायला लागले तेव्हा हा त्रास मिटला. जुना सप्लाय हातात आला तर स्टिकरवरचे एकूण वॅट वाचू नका, १२ व्होल्टपुढचे अँपिअर वाचा. १००० वॅटच्या चांगल्या सप्लायवर तिथे ८३ च्या आसपास आकडा असतो. ६० असेल तर तो मायनिंगपुरता ७२० वॅटचाच आहे.

चार-पाच कार्डांच्या पुढे एक सप्लाय पुरेना, म्हणून दोन लावायची पद्धत पडली. दुसऱ्याला मदरबोर्ड नसतो, म्हणून २४ पिनांतली हिरवी वायर शेजारच्या काळीला क्लिपने टेकवून तो जागा करायचा. चालतं, पण त्यात दोन खाचा आहेत. पहिली म्हणजे दोन्ही सप्लायचा ग्राउंड नुसत्या कार्डांमधून जोडलेला राहतो, आणि फरकाचा करंट मग सिग्नलच्या ग्राउंडमधून वाहतो. जाड वायरने दोन्ही ग्राउंड थेट बांधून टाकणं हा त्यावरचा साधा उपाय. दुसरी खाच म्हणजे दुसरा सप्लाय मदरबोर्डच्या आधी किंवा बरोबरच सुरू व्हायला हवा, नाहीतर त्यावरची कार्डं बायोसला (मदरबोर्डच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरला) दिसतच नाहीत. नंतर दोन सप्लाय एकत्र चालू करणारे छोटे रिले बोर्ड आले आणि क्लिप गेली.

खरी जळाजळ झाली ती राइझरवर. कार्डं हवेशीर सांगाड्यावर लांब लांब ठेवायची तर मदरबोर्डच्या स्लॉटपासून कार्डापर्यंत काहीतरी न्यावं लागतं, तो राइझर. सुरुवातीला रिबन केबल होत्या. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कार्डाला एकूण ७५ वॅट देऊ शकतो, त्यातले १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट. सहा कार्डांनी ते पूर्ण मागितले तर ३३ अँपिअर मदरबोर्डमधून जाणार, आणि २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या पिना असतात फक्त दोन. त्या पिवळ्या पडायच्या, मग तपकिरी, मग प्लास्टिक वितळून कनेक्टर बोर्डाला चिकटायचा. लोकांनी रिबनवर मोलेक्सच्या (चार पिनांच्या जुन्या वीज कनेक्टरच्या) वायरी डकवून वीज बाहेरून दिली. पुढे आलेल्या राइझरमध्ये हे रीतसर झालं. मदरबोर्डमध्ये बोटभर पट्टी, कार्डाखाली छोटा बोर्ड, आणि मधे यूएसबी ३.० ची केबल. त्या केबलमधून फक्त पीसीआय एक्स्प्रेसचे सिग्नल जातात, यूएसबीशी तिचा काही संबंध नाही. ती चुकूनही कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टात घालू नये.

राइझरची वीज आता त्याच्या स्वतःच्या कनेक्टरमधून येते, आणि घोटाळा इथेच झाला. बऱ्याच राइझरांसोबत साटाची, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या कनेक्टरची, जोडणी मिळायची. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॅट. कार्डाला हक्क आहे ६६ वॅटांचा. हा फरक कागदावर छोटा दिसतो. पण पिनेची पकड जराशी सैल झाली आणि सांध्यातला अवरोध ०.०५ ओहम झाला, तर ५.५ अँपिअरला तिथे दीड वॅट उष्णता साठते, नखाएवढ्या प्लास्टिकमध्ये. उष्णतेने पकड आणखी ढिली होते, अवरोध वाढतो, आणि चक्र सुरू. आधी एकच कार्ड दोन-तीन दिवसांनी गायब होतं आणि रीस्टार्टनंतर परत येतं. मग कधीतरी वास येतो. कनेक्टर उघडला तर १२ व्होल्टच्या बाजूचं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसतं. वायर ओतीव प्लास्टिकमध्ये गाडलेले मोलेक्स-ते-साटा अडॅप्टर यात सर्वांत वाईट. म्हणून ६ पिनांचा राइझर घ्यावा, तो थेट सप्लायच्या पीसीआयई (ग्राफिक्स कार्डाच्या) केबलवर चालवावा, आणि राइझर व त्यावरचं कार्ड ही जोडी एकाच सप्लायवर ठेवावी.

२०११ मध्ये एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिप, आले. वीज खूपच कमी घ्यायचे, पण महाग होते आणि त्यांचं राज्य दोन वर्षंही टिकलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये ॲव्हलॉनची पहिली एसिक यंत्रं गिऱ्हाइकांच्या हातात पडली. एसिक म्हणजे एसएचए-२५६ शिवाय दुसरं काहीच न येणारी चिप. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अँटमायनर एस१ हे एसिक यंत्र आलं, सेकंदाला १८० गीगाहॅश (गीगा म्हणजे शंभर कोटी) आणि ३६० वॅट. पॉवर सप्लाय सोबत नाही. आपला आपण जोडायचा.

इथून पुढे दोन आकडे उलट्या दिशांना धावले. एका टेराहॅशला (एक लाख कोटी हॅशना) लागणारी ऊर्जा बघा. एचडी ५८७० ला सुमारे ४,७०,००० ज्यूल, एस१ ला २,०००, त्याच मालिकेतल्या २०१६ च्या एस९ ला ९८ च्या आसपास, २०२० च्या एस१९ प्रोला २९.५ आणि २०२३ च्या एस२१ ला १७.५. चिप एवढी काटकसरी झाली, पण डबा मात्र जास्त जास्त खादाड होत गेला. ३६० वॅटवरून १,३००, तिथून ३,२५०, मग ३,५००. वाचलेली वीज कुणी वाचवून ठेवली नाही, तिच्यात आणखी चिप भरल्या.

एस९ जवळून बघण्यासारखा आहे. तीन हॅशबोर्ड, प्रत्येकावर ६३ चिप, तिघी-तिघींच्या २१ गटांत. हे गट विजेसाठी एकामागे एक, माळेतल्या दिव्यांसारखे जोडलेले. बोर्ड १२ व्होल्टवरून ९ च्या जवळपास उतरतो आणि प्रत्येक गटाच्या वाट्याला जेमतेम ०.४ व्होल्ट येतात. एवढ्या कमी व्होल्टेजला शेकडो अँपिअर देणारा कन्व्हर्टर बसवण्यापेक्षा माळ स्वस्त पडते. तोटाही माळेचाच. एक चिप गेली की अख्खा बोर्ड गप्प. प्रत्येक बोर्डाला ६ पिनांचे तीन कनेक्टर आणि कंट्रोलरला एक, असे दहा लागतात. बोर्ड साधारण ४३० वॅट, म्हणजे ३६ अँपिअर घेतो, कनेक्टरमागे १२. "दोनावरही चालतं की" म्हणून तिसरा मोकळा सोडला तर उरलेल्या दोघांवर १८-१८ येतात, आणि ते चालतं, काही आठवडे. एका बोर्डाचे तीन कनेक्टर दोन वेगवेगळ्या सप्लायवर वाटणं त्याहून घातक. दोन सप्लायचं १२ व्होल्ट कधीच तंतोतंत सारखं नसतं, आणि जास्त असलेला दुसऱ्याचाही भार उचलायला जातो. एस९ सोबत वापरला जाणारा एपीडब्ल्यू३ सप्लाय २२० व्होल्टला १६०० वॅट देतो, ११० ला फक्त १२००. त्यामुळे ११० वर एस९ पूर्ण वेगाने चालत नाही.

याच काळात डेटा सेंटरमधून निघालेले सर्व्हर सप्लाय लोकप्रिय झाले. एचपीचा १२०० वॅटचा सप्लाय हे नेहमीचं उदाहरण. २०० व्होल्टच्या वर १०० अँपिअर, ११० ला ७५. चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेला, स्वस्त, आणि मागे ब्रेकआउट बोर्ड लावला की ६ पिनांची रांगच मिळते. त्यातून १२ व्होल्टच निघतं, त्यामुळे मदरबोर्डला १२ वरून बाकीचे व्होल्ट काढणारा पिको सप्लाय वेगळा घ्यावा लागतो. शिवाय ४० मिलिमीटरचा पंखा कर्कश ओरडतो. ज्या खोलीत कुणी झोपतं तिथे हा प्रयोग टिकत नाही.

ग्राफिक्स कार्डांना दुसरा जन्म दिला तो इथेरियम या दुसऱ्या डिजिटल चलनाने, ३० जुलै २०१५ पासून. त्याच्या इथॅश या मायनिंगच्या सूत्राला गणितापेक्षा मेमरीचा वेग हवा. प्रत्येक कार्डाला १ जीबीपासून सुरू झालेली आणि दर ३०,००० ब्लॉकांनी ८ एमबीने वाढणारी फाइल मेमरीत धरावी लागे. २०२० च्या अखेरीस तिनेच ४ जीबीची कार्डं बाद केली. मेमरीच महत्त्वाची म्हटल्यावर कोअरचा वेग आणि व्होल्टेज उतरवता आलं. व्होल्टेज घटलं की खपत त्याच्या वर्गाने घटते, त्यामुळे १८५ वॅटचं आरएक्स ५८० हॅश फारसे न गमावता १२५ च्या आसपास आणता यायचं. २०१७ मध्ये आसूसने तब्बल १९ स्लॉटचा मदरबोर्ड काढला. त्यावर २४ पिनांचे कनेक्टर तीन होते; आधीच्या वितळलेल्या पिनांचा धडा त्यात स्पष्ट दिसतो.

सप्लाय निवडायचा हिशोब याच रिगांवर पक्का झाला. सहा कार्डं प्रत्येकी १२५ वॅट म्हणजे ७५०, त्यात प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी आणि पंखे मिळून ७०. एकूण ८२०. हा भार सप्लायच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणून ८२० भागिले ०.८, म्हणजे १०२५. इथे १२०० वॅटचा घ्यावा. खबरदारी कार्डाच्या आकड्याची. एएमडीच्या त्या पिढीची कार्डं सॉफ्टवेअरला फक्त चिपची खपत सांगतात, मेमरी आणि व्होल्टेज रेग्युलेटरची नाही. ८५ दिसले तर ३०-४० वर धरा, किंवा सरळ भिंतीशी मीटर लावा. ८५ टक्के कार्यक्षमतेच्या सप्लायवर हीच रिग भिंतीतून ९६५ वॅट ओढते, ९२ टक्क्यांच्या सप्लायवर ८९१. फरक वर्षाला ६४० युनिटांच्या वर जातो. '८० प्लस' या कार्यक्षमतेच्या मानकाचा गोल्ड-प्लॅटिनम शिक्का त्यासाठी बघायचा. सप्लाय टिकाऊ आहे की नाही हे तो शिक्का सांगत नाही. त्यासाठी वॅटेज कुठल्या तापमानाला दिलंय ते वाचा. २५ अंशांना १००० वॅट देणारा रिगशेजारच्या ४५ अंशांत तेवढे देईलच असं नाही.

केबलचंही तसंच. ८ पिनांचा कनेक्टर १५० वॅटचा. एकाच केबलला दोन डोकी असतील आणि दोन्ही पूर्ण भरली, तर १२ व्होल्टच्या तीन वायरींतून २५ अँपिअर जातात. १८ गेजची वायर त्याने चांगलीच तापते. मोठ्या कार्डाला दोन वेगळ्या केबल द्याव्यात.

एसिकमध्ये हा सगळा निवडीचा भाग २०१९ च्या एस१७ च्या काळात संपला. सप्लाय यंत्रालाच जोडलेला आला, १२ व्होल्ट गेलं आणि १४.५ ते २१ व्होल्टमधलं हवं ते व्होल्टेज कंट्रोलर स्वतः सप्लायकडून मागून घेऊ लागला. एस१९ तर २०० व्होल्टच्या खाली चालतच नाही. त्याला दोन केबल असतात; २३० व्होल्टला एकूण १४ अँपिअर, आणि त्यातली एक केबल १० अँपिअरची. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचल्या तर केबल वाचतात आणि बोर्ड जळतो.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि रिगांतले सप्लाय हजारोंनी सेकंडहँड बाजारात आले. त्यातला चांगल्या बनावटीचा, सातत्याने ५०-६० टक्के भारावर चाललेला सप्लाय घ्यायला हरकत नाही. कनेक्टरच्या आत तपकिरी छटा आहे का ते टॉर्च लावून बघा, पंखा हाताने फिरवा. आणि केबल मूळ असतील तरच घ्या. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) सप्लायच्या डब्याकडच्या बाजूला पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही, वेगळी असते. प्लग बिनबोभाट बसतो, ५ च्या जागी १२ व्होल्ट जातात आणि एसएसडी बटण दाबल्या क्षणी जाते. मूळ केबल नसतील तर मल्टीमीटरने एकेक पिन तपासल्याशिवाय काहीही जोडू नये.