नाण्यावरचे दोन राजे आणि उलटा तास

"मॅडम, हे नाणं चुकून दोनदा छापलंय."

अकरावी कला शाखेच्या इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावरून हा आवाज आला, तेव्हा तास सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झाली होती. मी अजून एक अक्षरही शिकवलं नव्हतं. प्रत्येक जोडीच्या हातात एका चांदीच्या नाण्याचं मोठं केलेलं छायाचित्र होतं. मूळ नाणं अंगठ्याच्या नखाएवढं. त्यावर राजाचा चेहरा, पण धड दिसत नाही. कान आणि मानेचा थोडा भाग शिल्लक आहे आणि गालावरच तीन कमानींच्या डोंगराचा ठसा बसलाय.

ही नाणी आपल्याच भागातली. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. मुलांनी आदल्या रात्री घरी एवढंच वाचलं होतं: अर्ध्या पानाचा मराठी मजकूर, सोबत माझ्या आवाजातलं चार मिनिटांचं सोपं इंग्रजी ध्वनिमुद्रण, आणि खाली तीन प्रश्न. माहिती घरी आणि विचार वर्गात. याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. आमच्या कॉलेजात सगळे 'उलटा तास' म्हणतात, आणि मला तोच शब्द आवडतो.

या पद्धतीचं नाव घेतलं की अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क हायस्कूलचं नाव निघतं. जोनाथन बर्गमन आणि अॅरन सॅम्स हे तिथले रसायनशास्त्राचे शिक्षक. खेळांच्या सामन्यांमुळे मुलांचे तास बुडायचे, म्हणून २००७ च्या सुमारास ते आपले तास रेकॉर्ड करून ठेवू लागले. मला यातलं कारण फार जवळचं वाटतं. कांद्याची लागवड लागली किंवा द्राक्षाची छाटणी आली की माझ्याही वर्गात निम्मी बाकं रिकामी असतात. पण त्याआधीच, २००० साली, ओहायोतल्या मायामी विद्यापीठातल्या तीन अर्थशास्त्र-अध्यापकांनी 'उलटवलेल्या वर्गा'वर शोधनिबंध लिहिला होता. त्यांचे विद्यार्थी व्याख्यानांच्या व्हिडिओ कॅसेट बघून यायचे. म्हणजे सामाजिक शास्त्रांना ही कल्पना नवी नाही. आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातही १९८९ पासून पुस्तकं घरी आणि शंका संपर्कसत्रात अशी रीत आहेच.

मग तास उलटवल्याने डोक्यात नेमकं काय बदलतं?

एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात. २००१ मध्ये नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने जुन्या प्रयोगांचा आढावा घेऊन ही संख्या चारच्या आसपास ठेवली. आता मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजीच्या तासाला बसलीय असं समजा. वाक्यातला एक शब्द अडला. तिने तो मनात धरून ठेवला, अर्थ आठवायला गेली, तोवर मी पुढच्या वाक्यावर. चारातल्या दोन जागा त्या एका शब्दाने अडवल्या. उरलेल्या दोनांत वाक्याचं व्याकरण, प्रसंग आणि माझा प्रश्न कसा मावणार? घरी ध्वनिमुद्रण ऐकताना ती थांबवू शकते, मागे नेऊ शकते, तोच शब्द पाच वेळा ऐकू शकते. त्या चार जागांची हीच मोठी सोय आहे.

पण नुसतं ऐकून भागत नाही. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी कागद मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पानाखालचे तीन प्रश्न याचसाठी. ते पान झाकून सोडवायचे असतात आणि त्यांना गुण नसतात.

माझी पहिली चूक इथेच झाली होती. मी २५ मिनिटांचा व्हिडिओ केला, त्यात सगळा धडा कोंबला. फार थोड्या मुलांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि ज्यांनी पाहिला त्यांनाही काही सांगता येईना. नंतर एक अभ्यास वाचला. एडएक्स या ऑनलाइन मंचावर व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी २०१४ साली तपासल्या गेल्या, तर व्हिडिओ कितीही लांब असला तरी सहा मिनिटांच्या पुढे लक्ष टिकणं विरळाच. तेव्हापासून माझं ध्वनिमुद्रण चार मिनिटांचं.

आता वर्गाकडे वळू. भाषेच्या बाबतीत खरी मिळकत इथेच आहे. माझ्या वर्गात ६० मुलं, तास ४० मिनिटांचा. मी पूर्ण गप्प बसले आणि प्रत्येकाला आळीपाळीने बोलू दिलं, तर वाट्याला येतात ४० सेकंद. जोड्या केल्या तर प्रत्येकाला २० मिनिटं. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की वर्षानुवर्षं ऐकून मुलांना समजतं उत्तम, पण बोलणं-लिहिणं अचूक होत नाही, कारण ते करायची वेळच त्यांच्यावर येत नाही. आपल्याकडचा इंग्रजीचा तास आठवा. सर ओळ वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, उत्तरं गाईडमधून. आणि निबंध, म्हणजे सगळ्यात अवघड काम, घरी एकट्याने. मुलाला आधाराची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच जवळ कोणी नसतं. उलट्या तासात निबंध वर्गात लिहायचा. पेन अडलं की मी दोन पावलांवर असते.

नाण्याच्या त्या तासाला, मंगळवारी, मी फळ्यावर फक्त दोन शब्दप्रयोग लिहिले: 'मस्ट हॅव' आणि 'माइट हॅव'. पहिला म्हणजे 'झालंच असणार', दुसरा म्हणजे 'झालंही असेल'. मग सांगितलं, नाण्यावरून काय घडलं असेल ते तीन इंग्रजी वाक्यांत लिहा, आणि यातला जो शब्दप्रयोग निवडाल तो का निवडला ते जोडीदाराला पटवून द्या.

पाच-सात मिनिटांत वर्ग तापला. एका मुलीने लिहिलं होतं, गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं, 'मस्ट हॅव'. तिचा जोडीदार म्हणाला, कशावरून? जुनी चांदी होती, वितळवायचा खर्च नको म्हणून वर ठसा मारला असेल. 'माइट'. मुलगी गप्प झाली, पण शांत बसली नाही. तिने पानाची मागची बाजू उलटली. तिथे मी पांडवलेणीतल्या तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखातल्या दोन ओळी मराठीत दिल्या होत्या. गौतमी बलश्रीने, म्हणजे राजाच्या आईने, तो कोरवून घेतला. त्यात मुलाला क्षहरात वंशाचा निर्मूलक म्हटलंय, आणि नहपान क्षहरातच. मुलगी म्हणाली, दोन पुरावे झाले, आता 'मस्ट'. त्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी: "आई लेकाबद्दल लिहिणार, ते धरायचं का?"

इतिहासाच्या साधनाची चिकित्सा, म्हणजे पुरावा कितपत धरायचा ते तपासणं, हे मी पूर्वी फळ्यावर व्याख्या लिहून शिकवायचे. व्याख्या पाठ व्हायची. हा प्रश्न मात्र कधी आला नव्हता. आणि एक क्रियापद निवडताना आपण पुरावा तोलतोय, हे मुलांना इंग्रजीच्या तासाला कळलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

या पद्धतीच्या बाजूने आकडे देताना जपून राहायला हवं. २०१४ चं एक मोठं संकलन नेहमी पुढे केलं जातं. त्यात २२५ अभ्यास होते आणि विद्यार्थी वर्गात स्वतः काही करत असतील तर नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवरून २२ वर येतं असं दिसलं. पण ते विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताचे वर्ग होते, शिवाय सगळे उलटे तासही नव्हते. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वर्ग वाटून प्रयोग झाला. गणितात सुरुवातीला फायदा दिसला, पण शेवटच्या परीक्षेपर्यंत तो टिकला नाही. अर्थशास्त्रात फरकच पडला नाही. आणि जो फायदा झाला तो मुख्यतः आधीच पुढे असलेल्यांना.

ही शेवटची गोष्ट मला सतत टोचते. घरात फोन एक, तो वडिलांसोबत मार्केट यार्डात. रिचार्ज संपलेला. मुलगी संध्याकाळी सातला मळ्यातून येणार. तिच्या माथी 'घरी व्हिडिओ बघून ये' मारायचं, आणि वर्गात ती मागे पडली की तिलाच बोल लावायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. म्हणून छापील पान सगळ्यांना मिळतं. ध्वनिमुद्रण ऐकता आलं नाही त्यांच्यासाठी तासाची पहिली सहा मिनिटं एका कोपऱ्यात माझा फोन लावलेला असतो. तास थोडा उशिरा पेटतो, पण सगळे सोबत असतात.

आणखी एक तक्रार येतेच: "मॅडम शिकवत नाहीत." हार्वर्डमध्ये २०१९ साली भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. स्वतः झटून शिकलेल्यांना वाटलं आपण कमी शिकलो, चाचणीत मात्र तेच पुढे निघाले. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, झटताना आपलं अडणंच जास्त जाणवतं. हा प्रयोग मी पालकसभेत सांगते आणि मुलांच्या वह्या समोर ठेवते.

येत्या मंगळवारचं पान तयार आहे. त्याच डोंगरातलं दहावं लेणं, नहपानाचा जावई उषवदात याचा लेख. त्यात तो स्वतःला तीन लाख गाई दान देणारा म्हणवतो. पानाखाली या वेळी एकच प्रश्न आहे: 'मस्ट हॅव' की 'माइट हॅव'?