मरळ (बेळगाव सीमाभाग)

मरळ हा चॅना प्रजातीतील, गोड्या पाण्यात राहणारा शिकारी मासा आहे. इथे तो कृष्णा खोऱ्यात आढळतो; दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि मलप्रभा या सीमाभागातल्या नद्यांची संथ पात्रे, खोल डोह आणि बंधाऱ्यांमागचे तुंबलेले पाणी त्याला मानवते. गोकाकच्या धबधब्याजवळच्या खळाळत्या प्रवाहात त्याचे काही काम नाही. चॅना मरुलियस (हॅमिल्टन, १८२२) ही जात मोठी, एक मीटरहून अधिक वाढणारी. तिच्या शेपटीच्या बुडाशी फिकट कडेचा काळा ठिपका असतो. चॅना स्ट्रायटा (ब्लॉख, १७९३) ही लहान जात तळ्यांत आणि चिखलातही तग धरते.

अंग लांबट व गोलसर, डोके सापासारखे चपटे आणि मोठ्या खवल्यांनी झाकलेले, जबडा रुंद व तीक्ष्ण दातांचा. पाणगवताच्या आडोशाला मरळ निश्चल दबा धरते आणि बेडूक, झिंगा किंवा लहान मासा टप्प्यात आला की एकाच झेपेत गिळते. स्वतःच्या जातीची लहान पिल्लेही ती सोडत नाही.

कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवा घेण्याचे इंद्रिय असल्याने प्राणवायू कमी झालेल्या पाण्यातही मरळ जगते आणि बाजारात ओलसर टोपलीत बराच वेळ जिवंत राहते. मात्र ही सोय म्हणजे सक्तीही आहे. पृष्ठभागावर येऊन हवा घेता आली नाही, तर हा मासा पाण्यातच गुदमरतो, आणि बुडीत जाळ्यात अडकलेल्या मरळीचे हेच होते.

वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. काठालगतचे गवत बाजूला सारून जोडी गोलसर जागा मोकळी करते. तेलाच्या थेंबामुळे तरंगणारी पिवळसर अंडी तापमानानुसार एक ते तीन दिवसांत फुटतात. पुढे तांबूस पिल्लांचा दाट थवा पृष्ठभागाशी सळसळत फिरतो आणि पालक त्याच्या खालीच राखण करतात. थव्याजवळ येणाऱ्या कशावरही ते झडप घालतात, त्यामुळे या दिवसांत गळाला बेडूक लावून मोठी मरळ पकडणे सोपे जाते. ही मासेमारी सर्वांत घातक म्हटली पाहिजे, कारण राखण गेली की सगळा थवा इतर मासे आणि पाणपक्ष्यांच्या तावडीत सापडतो.