वाचून शिकणारा संगणक घसरतो कुठे?

पॅरिस, टोकियो, शिकागो अशी दहा-पंधरा नावं संगणकाला द्यायची आणि सांगायचं, ही शहरं. मग वेबवरची कोट्यवधी पानं त्याच्यापुढे ठेवायची. ही नावं कोणत्या शब्दांच्या शेजारी येतात हे तो मोजतो आणि त्याला 'अमुकचे महापौर' यासारखे साचे सापडतात. तेच साचे घेऊन पानं पुन्हा चाळली की 'अमुक'च्या जागी नवी नावं मिळतात, त्या नावांवरून आणखी साचे. १९९८ मध्ये गूगलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सर्गेई ब्रिन यांनी पुस्तक आणि लेखक अशा फक्त ५ जोड्यांपासून सुरुवात करून याच रीतीने १५,००० हून जास्त पुस्तकांची यादी मिळवली. (मराठीत याआधी एक पायरी वाढते: घोडा, घोड्याने, घोड्यावर हा एकच शब्द आहे हे संगणकाला आधी कळावं लागतं.)

खरी अडचण पुढे येते. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये 'नेल' हा अखंड वाचणारा प्रोग्रॅम सुरू केला. भाजलेल्या पदार्थांच्या गटात त्याने केक, पाव, कुकी बरोबर टाकले. मग 'इंटरनेट कुकीज'ही (वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात ते माहितीचे छोटे तुकडे) त्याच गटात गेल्या. 'मी इंटरनेट कुकीज डिलीट केल्या' हे वाक्य त्याने वाचलं होतं; पुढे 'मी फाइल्स डिलीट केल्या' दिसलं, तेव्हा फाइल हाही भाजलेला पदार्थ ठरला! एका चुकीच्या नावाने चुकीचा साचा दिला आणि त्या साच्याने पुढची चुकीची नावं ओढून आणली.

यावर उपाय म्हणजे सगळे गट एकमेकांना बांधून एकदम शिकवायचे. जे शहर आहे ते खाद्यपदार्थ असू शकत नाही. 'महापौर' या नात्यात एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला शहरच हवं. शिवाय वाक्यांतले साचे, पानांवरच्या याद्या-तक्ते, शब्दाची घडण अशा वेगवेगळ्या वाटांनी पुरावा घ्यायचा. एकाच वाटेने आलेली नोंद 'नेल' तिची खात्री ०.९ च्या वर असेल तरच पक्की करी; त्याहून कमी खात्रीची असेल, तर दुसऱ्या वाटेचा दुजोरा लागे.

एवढं करूनही घसरण थांबली नाही. पहिल्या ६७ दिवसांत २,४२,००० हून जास्त नोंदी जमल्या आणि त्यांतल्या अंदाजे ७४ टक्के बरोबर होत्या. पण या सरासरीवर विसंबू नये. या काळाचे तीन सारखे भाग केले, तर पहिल्या भागात अचूकता ९० टक्के होती, मधल्यात ७१ आणि शेवटच्यात ५७. सोप्या गोष्टी आधी सापडतात आणि जुन्या चुका साठत जातात, अशी दुहेरी ओढ असते.

म्हणून फक्त 'फाइल' ही नोंद खोडून भागत नाही. ती ज्या साच्यातून आली तो साचा, आणि त्या साच्याने आणलेली बाकीची नावंही पुन्हा तपासावी लागतात. प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या पानावरून, कोणत्या साच्याने आणि कितव्या फेरीत आली हे लिहून ठेवलेलं असेल, तरच हे जमतं.