आपल्याच वाटेवरून सरकलेले जहाज

सॅटेलाइटवरून गाडीची नंबर प्लेटसुद्धा वाचता येते, हे अजूनही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची जी चित्रे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, त्यांत एका ठिपक्याची बाजू सहसा १० मीटर असते, आणि दोनशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज म्हणजे जेमतेम वीस ठिपक्यांची एक पांढरी काडी. तरीही या काडीवरून सर्वांना खुल्या असलेल्या माहितीवरून शोध घेणारे अभ्यासक जहाजाच्या वेगाचा अंदाज बांधतात, कारण चालते जहाज चित्रात आपल्या जागी नसतेच.

समुद्र शांत असेल तर जहाजामागची घुसळलेली, गुळगुळीत झालेली पाण्याची पट्टी चित्रात काळ्या रेघेसारखी उमटते. जहाज मात्र त्या रेघेच्या टोकाला नसून कित्येकदा बाजूला, मोकळ्या पाण्यात दिसते. उपग्रह सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने जाताना बाजूला रेडिओ लहरी सोडतो. समोरच्या वस्तूकडून येणाऱ्या प्रतिध्वनीची वारंवारता थोडी वाढलेली असते, मागे पडलेल्या वस्तूची घटलेली. हा शाळेत शिकलेला डॉप्लर परिणाम. उड्डाणमार्गावर वस्तू नेमकी कुठे आहे हे संगणक या फरकावरूनच ठरवतो, पण खालचे सारे स्थिर आहे असे गृहीत धरून. जहाज उपग्रहाच्या दिशेने सेकंदाला ५ मीटर वेगाने येत असेल तर त्याची स्वतःची वाढीव वारंवारता हिशेबात मिसळते आणि ते उड्डाणाच्या दिशेने अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे मांडले जाते. पाणी जवळजवळ जागीच असल्याने रेघ हलत नाही. दोहोंतले अंतर मोजले की उलट हिशेबाने वेग काढता येतो.

मोठ्या जहाजांना आपला ठावठिकाणा एआयएस या रेडिओवरच्या स्वयंचलित ओळख यंत्रणेवरून प्रसारित करावा लागतो, आणि रडारवर दिसणारे पण प्रसारण न करणारे जहाज संशयास्पद ठरते. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सार्वजनिक नोंदींत दिसत नव्हती. मात्र ही सरक दुरुस्त न करता रडारचे चित्र आणि एआयएसचा नकाशा एकमेकांवर ठेवले, तर नियम पाळणारे जहाजही 'लपलेले' ठरते. समाजमाध्यमांवर लाल वर्तुळ काढून 'गूढ जहाज' जाहीर करणाऱ्यांनी आणि दर दिवाळीत 'अंतराळातून दिसणारा भारत' असा फोटो पुढे पाठवणाऱ्यांनी एवढा हिशेब तरी करावा.

जहाज उपग्रहाच्या मार्गाला समांतर चालले असेल तर मात्र ते रेघेवरच राहते. तेव्हा दिशा कळते, वेग नाही.