पाण्याच्या मोटरचा स्वयंचलित नियंत्रक

इमारतीच्या तळटाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी मोटर पातळी पाहून चालू-बंद करणारी एम्बेडेड प्रणाली, म्हणजे यंत्रातच बसवलेला छोटा संगणक. पालिकेचे पाणी तळटाकीत घेऊन पंपाने वर चढवण्याची पद्धत ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांत सर्रास असल्याने ही पेटी तिथे उपयोगी पडते.

मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे एका चिपवरच्या या संगणकाच्या, दृष्टीने काम किरकोळ. ॲटमेगा ३२८पी या चिपची ३२ किलोबाइट फ्लॅश (प्रोग्रॅम साठवायची जागा) आणि २ किलोबाइट रॅम पुरून उरते. वायफाय असलेली ईएसपी ३२ चिप घेतल्यास मोबाइलवर पातळी दिसते, पण वायफायसाठी ५०० मिलिअँपिअर देणारा पुरवठा लागतो, शिवाय गच्चीवर राउटरची रेंज मिळेलच असे नाही. त्यामुळे मोटर बंद करण्याचा निर्णय बोर्डावरच व्हावा, सर्व्हरवर सोडू नये.

खरा त्रास खाडीकडच्या दमट हवेचा. प्रोबच्या (पातळी ओळखायला पाण्यात सोडलेल्या सळईच्या) इनपुटला १ मेगाओहमचा पुल-अप (इनपुट पुरवठ्याच्या व्होल्टेजला बांधणारा रोधक) लावला, की प्रोबमधून प्रवाह नगण्य जातो आणि स्टीलची सळई कमी झिजते. मात्र जुलैत बोर्डावर राहिलेला फ्लक्स (सोल्डर करताना वापरलेला पदार्थ) ओल धरतो, दोन ट्रॅकमध्ये (तांब्याच्या वाटांमध्ये) थोडा करंट गळतो आणि ती गळतीच बोर्डाला ‘पाणी आहे’ अशी वाटते. टाकी रिकामी, मोटर गप्प, सकाळी सहाला सोसायटीत बोंब. ४७ किलोओहम घेतल्यास गळतीचा प्रभाव फारसा उरत नाही, पण झीज वाढते. त्यावर उतारा म्हणजे प्रोबला सतत डीसी न देता वाचनापुरते काही मिलिसेकंद, दर खेपेस ध्रुव उलटवून, व्होल्टेज देणे. बोर्ड आधी धुऊन, सुकवून मगच ओलीपासून वाचवणारे कोटिंग मारावे. फ्लक्सवर मारलेले कोटिंग ओल आत कोंडते.

मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि व्होल्टेज बसते. ॲटमेगा ५ व्होल्टवर, १६ मेगाहर्ट्झला चालवताना ब्राउन-आउटची (जिच्याखाली चिप स्वतःला रीसेटमध्ये धरते ती) पातळी ४.३ व्होल्ट ठेवावी, नाहीतर कमी व्होल्टेजमध्ये चिप भरकटून ईईप्रॉममधल्या (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतल्या) नोंदी बिघडवू शकते. ५ व्होल्टच्या रेग्युलेटरआधी, १२ व्होल्टच्या बाजूला, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास ५० मिलिअँपिअर भारावर ७ व्होल्टपर्यंत उतरायला सुमारे १०० मिलिसेकंद मिळतात.

सॉफ्टवेअरमधल्या दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, वॉचडॉगला (ठरावीक वेळेत रीसेट न मिळाल्यास चिप पुन्हा सुरू करणाऱ्या घड्याळाला) टायमर इंटरप्टमधून, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडमधून, रीसेट देणे: मुख्य लूप अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो, त्यामुळे वॉचडॉग असून नसल्यासारखा. दुसरी, मोटरची स्थिती दर सेकंदाला ईईप्रॉममध्ये लिहिणे. एका जागेची हमी १,००,००० लेखनांची, म्हणजे ती अठ्ठावीस तासांत संपते. बदल झाला तेव्हाच लिहिले आणि मोटर दिवसाला चार वेळा चालली, तर आठ नोंदी होतात आणि तीच जागा चौतीस वर्षे पुरते.

रिले (मोटर चालू-बंद करणारा विद्युत स्विच) ‘नॉर्मली ओपन’, म्हणजे एरवी उघडा राहणारा, जोडावा, म्हणजे बोर्ड मेला तर मोटर बंद राहते. अनेक विंगांच्या संकुलात वीज परतल्यावर सगळे पंप एकदम उचलू नयेत म्हणून प्रत्येक विंगला वेगळी विलंबवेळ देतात: ए विंग ३० सेकंद, बी ६०, सी ९०.