हर्बेरियम नोंदी, सातारा जिल्ह्यातील

रानातली फांदी फुलाफळांसकट तोडून, दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवली आणि ती कुणी, कुठे, केव्हा गोळा केली हे शेजारी लिहिले, की हर्बेरियम शीट तयार होते. या लेबलाशिवाय सुंदरात सुंदर नमुनाही अभ्यासाला निरुपयोगी असतो. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, वास जातो, झाडाची उंची कळत नाही. म्हणून ते जागेवरच टिपावे लागते.

सातारा जिल्ह्यातील रानवनस्पतींचे नमुने मुख्यतः पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ येथे आहेत. जुने काही लंडनजवळच्या क्यू उद्यानात गेले. थिओडोर कुक यांनी १९०१पासून खंडशः प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात ठिकाणापुढे संग्राहकाचे नाव येते आणि नमुना स्वतः पाहिला असेल तर उद्गारचिन्ह. त्यांत वुड्रो यांच्याबरोबर कानिटकर, भिवा ही नावेही भेटतात. डोंगर तुडवणाऱ्या या माणसांची आठवण आपण फार कमी ठेवली आहे.

जुन्या नोंदी वाचताना मोठी सावधगिरी हवी. संग्राहक वाट असेल तिकडे जात, त्यामुळे महाबळेश्वर-पाचगणीचे नमुने भरपूर आणि कमी पावसाच्या माण-खटावचे विरळ. नकाशावर माण कोरा दिसला म्हणून तिथे ती वनस्पती नाही, असे म्हणता येत नाही. हंगामाचेही तसेच. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ऐन आषाढात दाबातले कागद रोज बदलले तरी पाने काळी पडतात, बुरशी धरते. साहजिकच संग्रहाचा भर पाऊस ओसरल्यावरच्या दिवसांवर राहतो आणि पहिल्या सरींबरोबर फुलून जाणारे कंद निसटतात. ठिकाणही अनेकदा नुसते ‘महाबळेश्वर’ एवढेच असते. कोयनेच्या जलाशयाखाली गेलेल्या गावाचे नाव लेबलावर असेल, तर ती जागा पुन्हा तपासणेच शक्य नसते.

तरीही या कागदांवरून जे कळते ते दुसरीकडे मिळत नाही. कारवी सहसा सात वर्षांनी फुलते. फुलोऱ्यासह गोळा केलेल्या शीटवरच्या तारखांवरून एखाद्या डोंगरावरचा तो फेरा मागे मोजता येतो. शिंदळ माकुडी ही महाराष्ट्राबाहेर नैसर्गिकरीत्या न आढळणारी वनस्पती वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६०च्या दशकात जुन्नर परिसरातील नमुन्यावरून जगापुढे आणली. सज्जनगड, महाबळेश्वर येथील नोंदींनी तिची खरी व्याप्ती पुढे उलगडत गेली.

आता लेबलावर अक्षांश-रेखांश लिहितात आणि शीटच्या प्रतिमा संगणकावर पाहता येतात. मोजक्याच संख्येने उरलेल्या वनस्पतीचा कंद मात्र उपटू नये. तिथे छायाचित्र, एखादे फूल आणि नेमकी जागा एवढी नोंद पुरते.